चेहऱ्याला जेपेग, अक्षराला जिफ

आमच्या स्टुडिओत आलेला माणूस जाताना फोटो घेऊन जायचा आणि किस्सा ठेवून जायचा. फोटोंची निदान पाकिटं असायची, पाकिटावर नाव असायचं, कधी ना कधी कुणीतरी येऊन ते घेऊन जायचं. किश्शांना न्यायला कोण येणार? ते साठत गेले. आता घरात चार माणसं जमली, कुणी मोबाइलवरून कुणाला फोटो पाठवायला लागलं, की माझ्या तोंडून एखादा निघतो. आणि एक निघाला की मागचे रांग लावून उभेच असतात!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आबांचा फोटो स्टुडिओ होता. आबा जुने फोटोग्राफर. निम्मं आयुष्य डार्करूमच्या लाल दिव्यात गेलेलं. त्यांचा पुतण्या मकरंद पुण्याला शिकून आला आणि येताना कॉम्प्युटर, स्कॅनर आणि मोडेम घेऊन आला. मी निमगाव केतकीहून रोज एसटीनं यायचे. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली म्हणून मला ठेवून घेतलेलं. बाहेर पाटी लागली, ‘येथे फोटो परदेशी पाठवून मिळतील.’

पाठवून मिळतील, पण कसे? इंटरनेटसाठी पुण्याच्या नंबरला फोन लावावा लागायचा. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग लागला तर लागायचा. लागलेली लाइन कधी तुटेल याचा नेम नाही. त्यामुळे दिवसभर आमच्याकडे एकच वाद, हा फोटो कुठल्या प्रकारच्या फाइलमध्ये घालायचा? फोटो तोच, पण फाइलचा प्रकार बदलला की तो जड होतो नाहीतर हलका, स्वच्छ होतो नाहीतर डागाळतो. मकरंदला फाइली कळायच्या, आबांना फोटो कळायचा. दोघं भांडायचे आणि माउस माझ्या हातात!

*

पहिलं गिऱ्हाईक निरवांगीचे बाजीराव. नवा ट्रॅक्टर घेतला होता. हार घातलेला ट्रॅक्टर, शेजारी बाजीराव, मागे सगळं घर. फोटो अमेरिकेतल्या धाकट्या भावाला पाठवायचा होता.

तेव्हा आम्ही सगळेच नवे. फोटो स्कॅन केला आणि कॉम्प्युटरनं आपणहून जी फाइल दिली ती तशीच पाठवायला घेतली. ती होती बीएमपी. बीएमपी म्हणजे फोटोतला ठिपका न् ठिपका जसाच्या तसा, काही दुमडलेलं नाही, काही दाबून बसवलेलं नाही. पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकेचना. लाइन तुटली. पुन्हा लावली. पुन्हा तुटली. बाजीरावांचा चहा झाला, पान झालं, स्टँडवर जाऊन गाडीची चौकशी करून झाली.

परत आले तरी पट्टी तिथंच. म्हणाले, “पोरी, एवढ्यात मी ट्रॅक्टर चालवतच भावाकडं गेलो असतो!”

मग मकरंदनं कुणाला तरी फोन केला आणि तीच फाइल जेपेगमध्ये केली. फोटो झटक्यात गेला. आम्हाला आनंद, पण बाजीराव एकदम सावध झाले.

“मगाशी जात न्हवता, आता कसा गेला? काय काढलं त्यातलं?”

मकरंदनं समजावलं, की माणसाच्या डोळ्याला जे बारकावे कळत नाहीत, ते जेपेग टाकून देतं. म्हणून फाइल हलकी होते.

बाजीरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याला नाक लावून बसले. चाकं बघितली, दिवे बघितले, हार बघितला, माणसं बघितली. मग सुस्कारा सोडून म्हणाले, “सगळी हायत. मला वाटलं, थोरल्या मेव्हण्याला गाळला!”

*

इंदापूरच्या मंगलचा किस्सा मात्र हसत सांगता येत नाही मला.

मंगल डी.एड. करत होती. तिचे वडील रामभाऊ तिचा फोटो घेऊन आले. स्थळ सिंगापूरचं होतं, मुलगा इंजिनिअर. मुलाकडच्यांनी ईमेलवर फोटो मागवला होता. रामभाऊ दारातच म्हणाले, “जपून पाठवा. पोरीचा फोटो हाय.”

मकरंदनं जपूनच पाठवला. जपून म्हणजे काय, तर कुठल्याही कॉम्प्युटरवर हमखास उघडेल असा. त्या वेळी तसा प्रकार म्हणजे जिफ. पण जिफमध्ये रंग फक्त दोनशे छपन्न. ट्रॅक्टरला तेवढे पुरले असते. माणसाच्या गालावर कपाळापासून हनुवटीपर्यंत जो उजेड हळूहळू बदलत जातो, त्याला पुरत नाहीत. मग मधले रंग दाखवायला ते शेजारी शेजारी वेगवेगळे ठिपके टाकतं. लांबून बघितलं तर चालतं. जवळून बघितलं तर सगळा चेहरा ठिपक्याठिपक्यांचा.

थोड्या दिवसांनी रामभाऊ आले ते लाल होऊन. मागे मंगल. मुलाच्या आईचा फोन आला होता. “मुलीला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आधी सांगायला हवं होतं तुम्ही.”

रामभाऊ मकरंदवर ओरडत होते. मकरंद मान खाली घालून उभा होता. मंगल सरळ माझ्याकडे आली. “त्यांना पाठवला तो बघायचाय मला.”

मी फाइल उघडली. ती वाकून बघत राहिली. स्वतःच्या गालावरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, “हा पुसू नका. पण दुसरा चांगला करून पाठवा. त्यांना कळू दे.”

आबा स्वतः उठले. त्यांनी मूळ फोटो मागून घेतला, काच पुसून पुन्हा स्कॅन करायला लावला आणि मकरंदनं तो जेपेगमध्ये पाठवला. गाल तसेच, उजेड तसाच. आठवड्याच्या आत निरोप आला, मुलगी पसंत आहे.

रामभाऊ पेढे घेऊन आले नाहीत. एकटेच आले आणि बाकावर बसून राहिले. आबांनी विचारलं, “काय झालं?”

“पोरगी न्हाय म्हणती.”

“का?”

“म्हणती, फोटो बदलला म्हणून त्यांचं मत बदललं. मी तर तवाबी हीच हुते.”

आबा आत जाऊन चहा सांगून आले. थोड्या वेळानं म्हणाले, “रामभाऊ, पोरगी तुमच्यापेक्षा हुशार हाय.” रामभाऊ म्हणाले, “ते मला म्हाईत हाय. आता करू काय?”

करायचं काहीच नव्हतं. मंगल मास्तरीण झाली. पुढं लग्नही झालं. ज्याच्याशी झालं त्यानं फोटो मागितलाच नव्हता. एसटीनं स्वतः आला होता बघायला!

*

इंदापूर भागातल्या काही शेतकऱ्यांनी मिळून परदेशी द्राक्षं पाठवायचं ठरवलं होतं. पेटीवर लावायचं लेबल तिकडच्या व्यापाऱ्याला आधी दाखवायचं होतं. लेबल बाळू पेंटरनं हातानं रंगवलेलं. पांढऱ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात हिरवा घड. बाळू पेंटर आपल्या अक्षराच्या बाबतीत फार मानी माणूस. फळी रंगवायला घेतली की बोलायचा नाही, तंबाखूसुद्धा बाजूला ठेवायचा.

मंगलच्या प्रकरणानंतर मकरंदनं जिफचं नाव टाकलं होतं. त्यानं लेबल जेपेगमध्ये केलं, आणि लाइन खराब म्हणून दाबून लहान केलं. बाळू पेंटर शेजारीच उभा. पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच मला म्हणाला, “सुनंदाताई, माझ्या अक्षरांना बुरशी आलीया.”

खरंच. प्रत्येक अक्षराभोवती मळकट धूर. चेहऱ्यावर उजेड हळूहळू बदलतो तिथं जेपेग गुणी, पण लाल संपून एकदम पांढरं सुरू झालं की तिथं ते चाचपडतं. तेच लेबल जिफमध्ये केलं. रंग मोजकेच होते, जिफला तेवढे भरपूर. अक्षरं धुतल्यासारखी निघाली, आणि फाइलही हलकी. बाळू पेंटर म्हणाला, “हां! आता हे माझं.”

आबांनी त्याच दिवशी डार्करूमच्या दारावर खडूनं लिहून टाकलं, ‘चेहऱ्याला जेपेग, अक्षराला जिफ.’

पण मकरंदला स्वस्थ कुठलं बसवतंय! त्याच सुमाराला पीएनजी नावाचा नवा प्रकार आला होता. अक्षर जिफसारखं स्वच्छ, आणि रंगांची मर्यादा नाही. मकरंद म्हणाला, “आबा, पुढचा जमाना याचाच आहे.” त्यानं लेबल पीएनजीमध्ये इंटरनेटच्या एका पानावर चढवलं आणि पानाचा पत्ता व्यापाऱ्याला कळवला.

पुढच्या आठवड्यात गटाचे प्रमुख नामदेवराव आले. तोंड उतरलेलं. हातात व्यापाऱ्याच्या फॅक्सचा कागद. “मकरंदराव, संपलं सगळं. दोन दिवस बागंत कुणी कुणाशी बोलंना झालंय.”

“काय झालं?”

“आमच्या द्राक्षावर फुली मारलीया त्यानं!”

मकरंदनं कागद घेतला. व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, मला चौकोनात फक्त एक फुली दिसते आहे. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला पीएनजी उघडताच येत नव्हतं. न उघडणाऱ्या चित्राच्या जागी कॉम्प्युटर फुली दाखवतो. बिचाऱ्यानं जे दिसलं ते लिहिलं, आणि इकडं सगळ्या बागांनी तो नकार म्हणून धरला!

जिफ पाठवलं. व्यापाऱ्याला लेबल आवडलं. नामदेवराव जाताना मकरंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पुढचा जमाना येऊ द्या की. पण तो समोरच्याकडं पोचलाय का, तेवढं बघत चला.”

*

आबांच्या खडूच्या नियमाला पहिला धक्का दिला आमच्या गावच्या शिंदे सरांनी. निवृत्तीच्या आधीचं त्यांचं शेवटचं वर्ष. शाळेचा फोटो होता. दारात पोरं बसलेली, आणि त्यांच्या डोक्यावर शाळेची नवी पाटी. पाटीवर शाळेचं नाव आणि खाली सरांनी स्वतः निवडलेलं बोधवाक्य. परदेशात गेलेल्या एका विद्यार्थ्यानं फोटो मागितला होता.

जिफमध्ये केला तर पाटी स्वच्छ, पण पोरांच्या तोंडावर ठिपके. जेपेगमध्ये केला तर पोरं गोड, पण पाटीवरची बारीक अक्षरं भुरकट. मोठी फाइल करावी तर त्या दिवशी लाइन श्वास घेऊ देत नव्हती.

मकरंद म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा. चेहरे ठेवू की अक्षरं?”

सर बराच वेळ दोन्ही फोटो आळीपाळीनं बघत राहिले. जन्मभर अक्षर शिकवलेला माणूस. मला खात्री होती, पाटी म्हणतील.

“पाटी पुन्हा रंगवता येईल,” सर म्हणाले. “ही पोरं पुढच्या वर्षी अशी राहायची नाहीत.”

*

इस्माईलभाईंचा बँड आमच्या भागात नावाजलेला. लंडनला राहणाऱ्या एका घरातलं लग्न बारामतीत होणार होतं. त्या लोकांना बँडचा फोटो आधी बघायचा होता. सगळा बँड नव्या लाल कोटात आला. आबांनी फोटो काढला, तो स्कॅन केला आणि मकरंदनं त्याची जेपेग फाइल केली. काम तिथंच संपायला हवं होतं.

पण फोटो पडद्यावर दिसला आणि बँडमधल्या प्रत्येकाला त्यात काहीतरी खटकलं. ट्रम्पेटवाल्याला आपल्या टोपीचा तुरा वाकडा वाटला. मकरंदनं तो सरळ केला, फाइल सेव्ह केली. ड्रमवाल्याला आपल्या कोटावर डाग दिसला. डाग काढला, सेव्ह. एकाला आपण काळे दिसतो असं वाटलं, एकाला आपल्यावर उजेड कमी वाटला. रोज कुणीतरी यायचं, मकरंद फाइल उघडायचा, कुणाचं तरी मन राखायचा आणि पुन्हा सेव्ह करायचा.

जेपेगची खोड आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. ते एकदाच टाकून थांबत नाही. फोटोत काही बदलून सेव्ह केलं की दरवेळी आणखी थोडं टाकतं. एका वेळी कळत नाही. झिजत जातं.

शेवटी इस्माईलभाई पाठवायच्या आधी बघायला आले. चष्मा लावला. पडद्यावर लाल कोटांची एक गढूळ रांग उभी होती. नाकं कोटात मिसळलेली, पितळी वाद्यांचं पिठलं झालेलं.

मकरंद म्हणाला, “इस्माईलभाई, सगळ्यांचं ऐकलं हो मी.”

“ते दिसतंय,” इस्माईलभाई शांतपणे म्हणाले. “सगळे खूश आहेत, आणि कुणीच ओळखू येत नाही.”

निगेटिव्ह आबांनी जपून ठेवली होती म्हणून वाचलो. त्यातून नवा फोटो काढला, पुन्हा स्कॅन केला, आणि या वेळी कुणाचंही न ऐकता पाठवला. वाकड्या तुऱ्यासकट बँड पसंत पडला. आबांनी त्या दिवसापासून सक्त सांगून ठेवलं, मूळ फाइल निगेटिव्हसारखी कुलपात. हात लावायचा तो नकलेला!

*

सुप्याचे दळवी गुरुजी शाळा सुटली की कॅमेरा घेऊन माळावर जायचे. तिथल्या अभयारण्यात चिंकारा हरणं. गुरुजी काटेरी झुडपात तासन्‌तास बसायचे. एकदा आले ते एकच फोटो छातीशी धरून. आबांनी बघितला आणि खुर्चीवरून उठलेच.

वाळल्या गवतात चिंकारा उभा होता. मान वळवलेली, कान मागे. आणि मागं, बरंच मागं, त्याच गवताच्या रंगाचा लांडगा. आधी दिसत नाही. एकदा दिसला की मग डोळा तिथून हलत नाही.

गुरुजींना तो पुण्याच्या एका वन्यप्राण्यांच्या अभ्यासकांना पाठवायचा होता. माळावर लांडगे अजून आहेत हे त्या काळात गुरुजी सांगायचे आणि लोक ‘कुत्रा असेल’ म्हणायचे. गावातले हसायचे, शाळेतले शिक्षक हसायचे. हा फोटो म्हणजे त्यांचं उत्तर होतं.

त्या दिवशी लाइन वाईट होती. फाइल खूप दाबून लहान केली आणि पाठवली. दोन दिवसांनी अभ्यासकांचं उत्तर आलं. चिंकारा फार सुंदर आलाय, अभिनंदन.

लांडग्याबद्दल एक शब्द नाही.

गुरुजींनी उत्तर दोनदा वाचलं. “त्यांनाही दिसला नाही?” आवाज अगदी बारीक झाला होता. मग मी पाठवलेली फाइल उघडली. चिंकारा होता. मागे गवताचे नुसते पिवळट चौकोन. जेपेगनं एकसारखं गवत बघितलं, इथं काही विशेष नाही असं ठरवलं, आणि लांडगा गवतात विरघळून गेला.

मकरंदनं गुरुजींची क्षमा मागितली. लांडग्याभोवतीचा तुकडा वेगळा कापून, न दाबता पाठवायचं ठरलं. लाइन पाच-सहा वेळा तुटली. गुरुजी दर खेपेला म्हणायचे, “लावा पुन्हा. मी दोन उन्हाळे बसलोय, मला घाई नाही.”

या वेळी उत्तर ईमेलनं आलं नाही. अभ्यासक स्वतः सुप्याला आले आणि गुरुजींबरोबर झुडपात बसले. गुरुजींनी नंतर आम्हाला ते सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान कुठल्याच फाइलमध्ये मावलं नसतं.

मकरंद अजून खजीलच होता. म्हणाला, “गुरुजी, कॉम्प्युटरला खरंच कळलं नाही हो, तिथं काही आहे म्हणून.”

गुरुजी म्हणाले, “कॉम्प्युटरला नाही कळलं. पण हरणाचे कान बघितलेस का तू?”

*

आता हा एक सांगते आणि थांबते.

निरवांगीकडच्याच एका वस्तीवरून हौसाकाकू आणि तात्या आले होते. तात्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. तात्यांनी शेती धरली, आणि त्यांचा एकुलता मुलगा श्रीरंग इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला. वस्तीवरचा पहिला. त्यानं तिकडंच लग्न केलं, तिकडच्या मुलीशी. आधी कळवलं नाही. तेव्हापासून तात्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. फोन आला की तात्या रानात निघून जायचे. काकू बोलायच्या.

श्रीरंगला मुलगी झाली. त्यानं तिचा फोटो इंटरनेटच्या एका पानावर चढवला आणि आईला फोनवर सांगितलं, बारामतीत जाऊन बघ.

काकू आत आल्या. तात्या बाहेर बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसले. आबांनी हाक मारली, “तात्या, आत या की.”

“मी हिला सोबत म्हणून आलोय,” तात्या रस्त्याकडे बघत म्हणाले. “तुमचं चालू द्या.”

मकरंदनं लाइन लावली. पान उघडलं. फोटो यायला लागला. श्रीरंगनं चांगला मोठा जेपेग चढवला होता, वरून खाली एकेक ओळ उतरत येणारा. मकरंद पुटपुटला, “त्यानं दुसऱ्या प्रकारचा जेपेग करायला हवा होता. त्यात अख्खा चेहरा आधी धूसर दिसतो, मग स्वच्छ होत जातो. हा आता चालला रांगत.”

काकूंना त्याचं काहीच नव्हतं. त्या पदर तोंडाशी धरून पडद्याच्या अगदी जवळ बसल्या होत्या.

आधी नुसती भिंत आली. मग टोपड्याची कड.

“टोपडं हाय,” काकू मोठ्यानं म्हणाल्या. मला वाटलं, मला सांगतायत. मग लक्षात आलं, तोंड माझ्याकडे असलं तरी आवाज दाराकडे होता.

“जावळ काळं हाय. लई दाट.”

बाहेर काही हललं नाही.

“कपाळ मोठं हाय. आपल्या आत्याबाईंसारखं.” आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, तात्यांची आई.

तात्यांनी खिशातून तंबाखूची चंची काढली. उघडली नाही.

भुवया आल्या. नंतर डोळे. एकेक ओळ, थांबत थांबत. डोळ्यांच्या खाली नाकाचा शेंडा दिसायला लागला आणि मोडेमचा दिवा गेला. लाइन तुटली. पडद्यावर अर्धा चेहरा तसाच राहिला, खाली कोरी राखाडी पट्टी.

“तुटलं,” काकू म्हणाल्या.

मकरंदनं पुन्हा नंबर लावायला हात पुढे केला. आबांनी तो हळूच धरला. आबा दाराकडे बघत होते.

गल्लीतून एक सायकल गेली. तात्यांनी पाठ न वळवता विचारलं, “डोळं मिटल्यालं हायत, का उघडं हायत?”

“उघडं हायत,” काकू म्हणाल्या. “हिकडंच बघतीया.”

तात्या उठले. चंची खिशात ठेवली. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. डोक्यावरची टोपी काढून झटकली, पुन्हा नीट घातली. सदऱ्याची वरची गुंडी लावली. आणि मग आत आले.